पाठीखालचा हात

सगळी वस्ती तिला टँकताई म्हणे. लग्नाचं कुणी विचारलंच तर ती म्हणे, "झालंय की, टँकशी. सासर जरा ओलं आहे, एवढंच." लोक हसत. तीही हसे, आणि घरी जाऊन पोहण्याचा एकुलता पोशाख दोरीवर वाळत टाके.

टँकवर बायकांना पोहायला शिकवायची तिची रीत ठरलेली. शिकणारीला पाण्यावर आडवं करायचं, पाठीखाली तळहात धरायचा आणि म्हणायचं, "मी आहे, तू छताकडे बघ." मग गप्पा चालू ठेवून हात अलगद काढून घ्यायचा, न सांगता. आपण तरंगतोय हे त्या बाईला सगळ्यात शेवटी कळे.

"हात कधी काढलात हो?"

"मघाशीच."

अशा कितीतरी जणी आल्या, तरंगल्या आणि आपापल्या वाटेला लागल्या. गंगेत घोडं न्हालं की घोडं कशाला थांबतंय?

यंदा तिच्या खांद्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, पाण्यात उतरा, पण एकट्या नको. टँकचा व्यवस्थापक म्हणाला, "ताई, नवी बॅच सुरू व्हायच्या आत तरंगून दाखवा. नाहीतर मला दुसरी बाई बघावी लागेल."

तिने जुन्या विद्यार्थिनींना फोन लावले. एकीकडे पाहुणे होते, दुसरीची बदली झाली होती. भाची तर हसलीच. "मावशी, तुला कुणाचा हात लागतो? मासोळीला कसली काठी?" कौतुकच होतं ते. फोन बंद झाल्यावरही टँकताई तो कानाला लावून बसून राहिली.

शेवटी तिकीट खिडकीवरची बाई तयार झाली. तिची अख्खी नोकरी पाण्याकाठी गेली होती, पण पाऊल कधी भिजलं नव्हतं. दुपारी टँक बंद असताना ती कठडा धरून कशीबशी कमरेएवढ्या पाण्यात उतरली.

"बुडाले तर वर येऊन तुमच्या नावाने खडे फोडीन."

"इथे बुडायला कला लागते. हात दे इकडे."

टँकताई आडवी झाली. खांदा आखडलेला, पाय खाली ओढत होते. पाठीखाली तो तळहात आला. गार होता. लहानपणी ती भावांच्या मागून उडी मारून, नाकातोंडात पाणी जाऊन पोहायला शिकली होती. तिच्या पाठीखाली आजवर कुणी हात धरलाच नव्हता.

कान पाण्यात गेले, आवाज थांबले. तिने श्वास सोडला. पाय आपोआप वर आले. आपण तरंगतोय हे तिला लगेच कळलं. तिला नाही तर कुणाला कळणार? पण हात न सांगता काढायचा असतो, हे तिकीटवालीला कुठलं माहीत? तिने तो तसाच धरून ठेवला होता, इमानेइतबारे.

"ताई, काढू का आता?"

टँकताई छताकडे बघत होती.

"थांब थोडं," ती म्हणाली. "अजून जमत नाहीये."