सीलखालचं कुंकू

"रिले ओके आहे, एवढं लिहा. बाकीचं मी बघतो," डेप्युटी साहेब म्हणाले. मी अजून टेस्टिंगची पेटी जीपमधून उतरवलीही नव्हती. तपासणीआधीच निकाल सांगणारा माणूस भेटला की माझ्या मनात पाल चुकचुकते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. शिरूर तालुक्यातल्या एका सबस्टेशनवर रिले तपासायला मला दौंडहून बोलावलं होतं. वडगाव रासाईच्या शिवारात तार तुटून पडली होती. अशा वेळी बिघाड ओळखून लाइन बंद करायला लावणं हे रिलेचं काम. तो गप्प बसला. तार जिवंत राहिली आणि एक म्हैस गेली.

साहेबांचा संशय ऑपरेटर कांबळ्यांवर. पंप सारखे बंद पडू नयेत म्हणून काही ऑपरेटर रिलेच्या फिरत्या चकतीत काडी अडकवायचे; चकती अडली की लाइन बंद होत नसे. कांबळ्यांची सासुरवाडी वडगाव रासाईचीच. रिले चांगला निघाला, तर काडी त्यांनीच घातली आणि मागाहून काढली, असा साहेबांचा तर्क. मग सस्पेंशन ठरलेलं. खरं सांगतो, मलाही कांबळ्यांचा भरवसा वाटत नव्हता.

"म्या न्हाई घातली काडी," कांबळे म्हणाले. "झाकणाला सील हाय की. फोडंल कोण?"

काचेच्या झाकणाचं सील शाबूत होतं. सील मारायची पकड साहेबांच्या कपाटात.

माझी पेटी खोटा बिघाड तयार करते. रिलेत करंट सोडला की घड्याळ सुरू होतं. चकती फिरून काँटॅक्ट जुळला की थांबतं. आमची रीत अशी, की आधी झाकण काढून ब्रशने सफाई, मग टेस्ट.

"आधी ब्रश मारून घ्या," साहेबांनी घाई केली.

त्या घाईनेच मी बिथरलो. "आधी असाच तपासतो."

"रीत सोडून?"

"हो, रीत सोडून."

करंट सोडला. चकती जराशी सरकली आणि अडकली. घड्याळ आपलं पळतच राहिलं.

"बघा! काडी!" साहेब ओरडले.

सील तोडून झाकण काढलं. काडी नव्हती. चकती चुंबकाच्या ज्या फटीतून फिरते, तिथे लाल काहीतरी चिकटून वाळलं होतं. बोटावर घेतलं. कुंकू!

"खंडेनवमीला झाकण काढून साहेबांनीच लावलं," कांबळे हळूच म्हणाले. "काचेला लावून काय उपेग, मशीनला लागलं पायजे, म्हनले. मी बौद्ध मानूस, पूजेला दाराभाईर हुतो. तिथनं दिसलं."

"मग आधी का नाही बोललात?"

"पूजेला नावं ठेवतो म्हनले असते सगळे, साहेब."

मला स्वतःचीच लाज वाटली.

फट साफ केल्यावर रिले वेळेत चालला. आधी ब्रश मारला असता, तर पहिल्याच टेस्टला तो ओके निघाला असता. "थोडी धूळ होती, असं लिहा," साहेब म्हणाले. मी कुंकू लिहिलं. कांबळ्यांची नोकरी वाचली. साहेबांना आधीपासून ठाऊक होतं का, ते मला आजही सांगता येणार नाही.

त्यानंतर ब्रश मी पेटीत सगळ्यात तळाशी ठेवू लागलो.