सोनलच्या कोटाचं अस्तर

बडा गणपती मंदिराच्या मागच्या गल्लीत आनंदीबाई जगदाळे कोटांना आतून लोकरीचं अस्तर लावून देतात. पहाटे गाडीवरून दूध पोचवणारे, रात्रपाळीचे चौकीदार ही त्यांची गिऱ्हाइकं. कापड आधी भिजवून सुकवायचं, मगच कात्री लावायची. बाह्यांना मात्र गुळगुळीत कापड, म्हणजे हात अडकत नाही.

मुलगा विक्रम अपघातात गेला, तेव्हापासून घरात त्या आणि सून सोनल. सोनल शिकवायची त्या शाळेतल्या नीरजने तिला लग्नाचं विचारलं, तर तिच्या माहेरचेच बिचकले. आनंदीबाईच म्हणाल्या, "मुलगा अच्छा आहे. मी आहे ना, करा पक्कं."

नीरजचं घर अल्मोड्याला. लग्नानंतर दोघं तिकडेच राहणार होती. डोंगरातल्या थंडीसाठी आनंदीबाईंनी सोनलला कोट शिवायला घेतला. अस्तरासाठी त्यांनी विक्रमचा जुना कोट काढला आणि आतली लोकर उसवू लागल्या.

सोनल शाळेतून आली, ते पाहून दारातच थबकली.

"आई, रहने दो ना. हे नका लावू."

"अगं, असली लोकर आता मिळते कुठे? ऊब बघ किती आहे."

"ऊब असेल. पण त्यांचं अंगात घालून मी नीरजच्या घरी कशी जाऊ?" बोलता बोलता तिला रडू फुटलं.

आनंदीबाईंना ते लागलं. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. अस्तराच्या निमित्ताने आपण लेकाला तिच्यासोबत धाडू पाहत होतो, हे त्यांचं त्यांनाच कळलं. पोरीने आणखी किती दिवस ते ओझं वाहायचं?

सकाळी त्या स्वतःच म्हणाल्या, "चल, क्लॉथ मार्केटला जाऊ. तुझ्या पसंतीचं घे."

सोनलने मेंदीच्या रंगाची मऊ लोकर निवडली. कोट तयार झाला, लग्न झालं, सोनल गेली. घर सुनंसुनं झालं. आनंदीबाई दुपारी उगाचच मशीनसमोर बसून राहायच्या.

डिसेंबरात सोनलचा फोन आला. "आई, इथे बर्फ पडलाय. मी कोट काढतच नाही. आणि नीरजच्या आई विचारतायत, त्यांच्यासाठी एक शिवाल का?"

आनंदीबाईंनी मापाची वही पुढे ओढली. मग म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, थंडीत आत स्वेटर घालत असतील तर स्वेटरवरूनच माप घ्या. आणि रंग कोणता हवा, तेही विचार."