रोज एक फोटो, तो सोडून

आमच्यात माणूस गेलं की त्याला आडवं नेत नाहीत, बसवून नेतात. आंघोळ घालून, कपाळाला विभूती लावून, फेटा बांधून खुर्चीत बसवायचं, मान पडू नये म्हणून मागून धोतरानं बांधायचं, आणि उचलायच्या आधी सगळ्या घरानं त्याच्याभोवती बसून एक फोटो काढायचा. बाहेरच्यांना हे ऐकून कसंतरी होतं. होऊ दे. लिंगायतांच्या कुठल्याही जुन्या घरात ट्रंक उघडली की असा एक तरी फोटो निघतोच. माझ्या आजोबांचा आहे. त्यात मी दीड वर्षाची, त्यांच्या गुडघ्याला टेकून बिस्कीट खातेय.

अप्पांचा, माझ्या वडिलांचा, नाही. तो काढायचं काम माझ्याकडं होतं. मी काढला नाही, आणि काढला असं सांगितलं.

मी टॉवेलच्या कारखान्यात नोकरीला आहे, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. बाहेरच्या पार्ट्यांना पाठवायच्या नमुन्यांचे फोटो काढणं हे माझं काम. पांढऱ्या टेबलावर टॉवेल अंथरायचा, घडी सरळ करायची, उजेड बघायचा, क्लिक. पंधरा वर्षं हेच. त्यामुळं घरात कुणाचं बारसं असो की डोहाळजेवण, फोटो म्हटलं की माझ्याच हातात फोन. अप्पांच्या वेळीही तसंच झालं. चारपाच जणांनी फोन बाहेर काढले तेव्हा विधी करणारे जंगम वैतागले, म्हणाले, हे काय लावलंय, एकानंच काढा आणि बाकीच्यांनी बसा, दिवस मावळायच्या आत माती द्यायची आहे. धाकट्या भावानं माझ्याकडं बोट केलं आणि सगळे जाऊन बसले.

मी समोर उभी राहिले. चौकट बघितली. खुर्ची मधोमध घेतली, मागची दोरीवरची चादर कुणाला तरी काढायला लावली, उजेड चांगला होता. एक, दोन, तीन म्हणाले. बोट त्या पांढऱ्या गोलावर होतं आणि ते खाली गेलंच नाही. का, ते मला आजही सांगता येत नाही. रडत नव्हते. नुसतं बोट गेलं नाही. भावानं विचारलं, झाला का. मी म्हणाले, झाला. लगेच चौघांनी खुर्ची उचलली आणि अप्पांना विमानात, म्हणजे त्या फुलांच्या पालखीत बसवलं. वाटेतले फोटो पुष्कळ जणांकडं आहेत. त्यात झेंडूच्या हारांमागं चेहरा दिसतच नाही.

तिसऱ्या दिवशी अव्वानं, माझ्या आईनं, विचारलं, तो फोटो दाखव की. मी म्हणाले, शोधते.

रोज एक फोटो काढायचं खूळ ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या बाईनं आणलं होतं. वर्षभर रोज एक. एकही दिवस चुकवायचा नाही, रंगबिंग बदलायचे नाहीत, स्टेटसला टाकायचा. ती स्वतः अकराव्या दिवशीच थकली. मी मात्र धरून बसले. मन रमावं म्हणून करतेय, असं सगळ्यांना सांगितलं. खरी कारणं दोन होती. एक म्हणजे फोनमध्ये फोटोंचा ढीग असला की "शोधते" हे उत्तर खपतं. दुसरं, बोट खाली जातंय का ते मला बघायचं होतं.

पहिल्याच दिवशी गेलं. चहाचा पेला होता, अर्धा भरलेला. क्लिक झालं. मला काहीच वाटलं नाही.

मग सुरूच झालं. नळाला लावलेली पाइप. गच्चीवरची टाकी. बसस्टॉपवरचा तुटका बाक. कडक भाकऱ्यांची चळत. ऑफिसातला पंखा, बंद. तोच पंखा, चालू. ज्या दिवशी विसरायला व्हायचं त्या दिवशी चप्पल काढायच्या आधी चपलेचाच काढायचा. असे चपलेचे सात की आठ आहेत. मी काही सुंदर शोधत नव्हते, आणि मला ते सापडलंही नाही. पण स्टेटस बघून लोक काय काय लिहायचे! एका रिकाम्या बादलीखाली माझ्या मैत्रिणीनं लिहिलं, किती खोल अर्थ आहे गं. डोकं फिरलं माझं. बाई, बादली आहे ती. पाणी आलं नव्हतं म्हणून रिकामी आहे.

लोकांना वाटायचं मी सावरतेय. मी सावरत नव्हते, कारण मी कोसळलेच नव्हते. रोज डबा भरत होते, रिक्षावाल्याशी भांडत होते, टॉवेलच्या घड्या सरळ करत होते. अप्पांची आठवण काढायचा प्रयत्न केला तर आठवण यायची, तिच्याबरोबर यायला पाहिजे ते काही यायचं नाही. दाढ काढताना सुई दिली की गाल आपला असून आपला नसतो, तसं अख्खं वर्ष गेलं.

अव्वा मात्र विसरत नव्हती. अप्पांची एक मोठी तसबीर हॉलमध्ये होती, बँकेच्या पासबुकावरच्या फोटोवरून मोठी केलेली. तिला ती नको होती. तिला तोच हवा होता. मी सकाळी कशाचा तरी फोटो काढताना दिसले की हातातलं काम टाकून यायची. रोज काढतीस की गं, म्हणायची, मग तो एक काढायला काय हुतंय. काढायला म्हणजे शोधून काढायला, असं तिला म्हणायचं असायचं. मी म्हणायचे, अव्वा, हजारात आहे तो, रविवारी बसते. असे किती रविवार गेले. एकदा मी तिच्यावर खेकसले, की जिवंतपणी पन्नास वर्षं बघितलंस ना त्यांना, आता मेल्यावरचा कशाला पाहिजे. दोन दिवस तिनं विषय काढला नाही आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं.

वर्षाचा विधी तीन आठवड्यांवर आला तेव्हा भावाचा हैदराबादहून फोन आला. त्यानं सगळं ठरवून टाकलं होतं. त्या फोटोच्या दहा प्रती काढायच्या, वळसंगच्या आत्याला एक, काकांच्या घरी एक, अव्वाला मोठी. म्हणाला, मेलवर टाक, व्हॉट्सअ‍ॅपवर फुटतो. मी म्हणाले, टाकते. दोन दिवसांनी पुन्हा फोन, टाकलास का. मग आत्याचा. मग चुलतभावाच्या बायकोचा, तिला त्यात स्वतःचा पदर नीट आला आहे का ते बघायचं होतं. मला भीती वाटायला पाहिजे होती. वाटली नाही. मी शांतपणे विचार केला की आता फोटो बनवून घ्यावा लागणार.

नवी पेठेत एक स्टुडिओ आहे. त्या माणसाला मी अप्पांचा भावाच्या लग्नातला फोटो दिला, फेटा बांधलेला, खुर्चीत बसलेला. डोळे मिटायचे, विभूती लावायची, हार घालायचा, भोवती घरचे बसवायचे. त्यांचे वेगवेगळे फोटोही दिले. मला वाटलं तो काहीतरी विचारेल. तो म्हणाला, ताई, अशी लई माणसं येतात, आता कॉम्प्युटर सगळं करतो. मी शेजारी स्टुलावर बसले आणि तो करत गेला. फेटा थोडा तिरका घ्या, मी म्हणाले. हार जाड करा. गालावर चामखीळ होती ती पुसली गेली, परत लावा. त्यानं उजव्या गालावर लावली, मी डावीकडं घ्यायला लावली. टॉवेलचा नमुना बघावा तशी मी वडिलांचं मढं बघत होते, हे माझ्या ध्यानात आलं, आणि ध्यानात येऊनही मी चहा संपवला. त्या दिवशीचा माझा रोजचा फोटो म्हणजे त्या चहाचा रिकामा कप.

फोटो बेमालूम झाला होता. त्यात सगळे माझ्याकडं बघत होते, अव्वासुद्धा. मी तो फोनवर घेतला. भावाला पाठवायच्या आधी अव्वाला दाखवायचं ठरवलं. ती फसली नाही तर कुणीच फसणार नव्हतं.

घरी आले तेव्हा पाणी आलं होतं. आमच्याकडं चारपाच दिवसांनी येतं, त्यामुळं त्या तासाभरात देव आला तरी थांब म्हणतात. अव्वा मोरीपाशी पातेली भरत होती. मी म्हणाले, सापडला. तिनं नळाखालचं पातेलं तसंच सोडलं आणि हात पदराला पुसले. आधी तळवे, मग मागची बाजू, मग एकेक बोट. मग फोन घ्यायला दोन्ही हात पुढं केले, प्रसाद घेतात तसे, आणि परत मागं घेतले.

"थांब, चष्मा आणते," ती म्हणाली. "त्या दिवशी मी त्यास्नी बघितलंच न्हाय."

मी म्हणाले, असं कसं, तू शेजारीच बसली होतीस की. तेव्हा तिनं चष्मा शोधता शोधता सांगितलं. दवाखान्यातून आणलं ते थेट आंघोळीला, आणि तेव्हा बायकांनी तिला आतल्या खोलीत धरून ठेवलं होतं. बाहेर आणलं ते थेट फोटोला. पाया पडायला वाकवलं तेव्हा पायच दिसले. मग शेजारी बसवलं, आणि ती मान वळवून बघणार एवढ्यात मी ओरडले होते. अव्वा, हिकडं बघ. तीनदा ओरडले होते म्हणे. म्हणून तिनं माझ्याकडं बघितलं. नंतर वळली तर खुर्ची उचललेली होती आणि समोर माणसांच्या पाठी.

"म्हटलं, जाऊ दे," अव्वा म्हणाली. "पोरगी फोटो काढतीय. फोटोत बघीन."

चष्मा तिला फ्रिजवर सापडला. ती तो पदरानं पुसायला लागली. फोन माझ्या हातात होता, उजेड पडलेला, आणि त्यात स्टुडिओतले अप्पा होते. तिनं बघितलं असतं आणि मानलं असतं. ओळखणार कशावरून? खरे कसे होते ते तिला माहीतच नव्हतं. उरलेलं आयुष्य ती त्यालाच विभूती लावत बसली असती. वर्षात पहिल्यांदा मला भीती वाटली, खरी. मी फोन पालथा टेबलावर ठेवला.

सांगून टाकलं. हा खोटा आहे, बनवून आणलाय. खरा नाहीच. मी काढलाच नाही, बोट गेलं नाही माझं, आणि तुला वर्षभर फसवलं.

अव्वा खाली बसली, तिथंच, ओल्या फरशीवर. मोरीत पातेलं भरून वाहत होतं. तिनं मला शिव्या द्यायला पाहिजे होत्या. आमच्या अव्वाच्या तोंडात दोन भाषांतल्या शिव्या आहेत आणि एरवी साखर सांडली तरी ती त्या वापरते. तिनं एकही वापरली नाही. मग वर बघून म्हणाली,

"तू समोर हुतीस. तू तर बघितलंस न्हवं? सांग मग."

सांगण्यासारखं माझ्याकडं काही असेल असं मला वाटलं नव्हतं. मी तिच्यासमोर बसले आणि सुरू केलं. पांढरं धोतर होतं. फेटा भगवा, कुणीतरी घाईत बांधलेला, डाव्या कानावर उतरलेला. विभूतीचे तीन पट्टे, मधला जरा पुसट. डाव्या तळहातावर लिंग ठेवलं होतं आणि बोटं त्याच्यावर मिटवली होती. दाढी केलेली होती, हनुवटीखाली थोडी राहिली होती. अव्वा मध्येच थांबवून विचारत होती. तोंड मिटलेलं हुतं का? होतं. नाकात कापूस? होता. त्रास दिसत हुता का तोंडावर? मी जरा थांबले, खरंच आठवून बघितलं, आणि म्हणाले, नाही, नव्हता.

"डावा डोळा नीट मिटला नव्हता," मी म्हणाले. "जरासा उघडा होता."

अव्वानं मान हलवली. तसंच हुतं त्यांचं, म्हणाली, झोपेतबी. लग्न झाल्यावर पहिले आठ दिवस ती धड झोपलीच नव्हती. वाटायचं, हे जागेच हायत आणि आपल्याकडं बघत्यात. सांगताना तिला थोडं हसू आलं. मग ते थांबलं.

"मी कुठल्या अंगाला बसले हुते गं?" तिनं विचारलं.

"त्यांच्या डाव्या," मी म्हणाले.

तिनं पदर डोळ्यांना लावला आणि बराच वेळ काढला नाही.