बाबांच्या फोटोचा सूड

त्या माणसाला मी वर्षभर माफ केलं नाही, आणि करायचा प्रयत्नही केला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला समजूतदार वगैरे समजायला नको.

बंगळूरच्या बनशंकरीत आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये महिन्यातल्या एका रविवारी सकाळी हौशी फोटोवाले जमतात. प्रत्येकाने आपला एक फोटो पडद्यावर दाखवायचा, बाकीच्यांनी त्यातलं बरं-वाईट सांगायचं. तिथला नियम असा, की ज्याचा फोटो असेल त्याने तोंड उघडायचं नाही. जे ऐकलं ते मंडळाच्या जाड वहीत स्वतःच्या हाताने लिहायचं आणि शेवटी उभं राहून सगळ्यांना वाचून दाखवायचं. हा नियम अण्णांचा. अण्णा तिथले सर्वांत ज्येष्ठ. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या बंगळूरातच, त्यामुळे त्यांच्या मराठीत कानडी मधूनमधून डोकावतं. लिहून वाचल्याशिवाय टीका अंगी लागत नाही, असं त्यांचं म्हणणं.

मी पहिल्यांदा फोटो नेला तो बाबांचा. बाबा साताऱ्याहून कायमचे माझ्याकडे, इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये आले होते आणि त्यांना अजून तिथे करमत नव्हतं. बाल्कनीत बसून ते मटार सोलत होते. मांडीवर पेपर पसरलेला, त्यावर पडलेलं ऊन उलटून त्यांच्या चेहऱ्यावर आलेलं. मी पटकन फोटो काढला. त्यांनाही तो आवडला असावा, कारण त्या रविवारी घोटून दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते माझ्याबरोबर निघाले. कोणीतरी मराठी बोलणारं भेटेल, म्हणाले.

अण्णांनी फोटो बराच वेळ पाहिला.

"मागे फ्लायओव्हर अर्धा कापलाय, तो असू दे. हात बरे आलेत," ते म्हणाले. "पण तोंड बघ. या तोंडात थांबून बघण्यासारखं काहीच नाही. बसस्टॉपवर असली तोंडं कितीतरी दिसतात. स्वल्प बेजार होशील, वाईट वाटेल, पण खरं तेच सांगतो."

ते तोंड तिसऱ्या रांगेत माझ्या शेजारी बसलं होतं. अण्णांनी ते ओळखलंसुद्धा नाही.

मी वहीत लिहिलं. माझी पाळी आल्यावर उभी राहिले आणि वाचलं, 'चेहऱ्यात थांबून बघण्यासारखं काही नाही.' बाबा हसले. परतीच्या बसमध्ये ते खिडकीबाहेर बघत बसले. त्यानंतर मी कॅमेरा उचलला की त्यांचा हात चेहऱ्यासमोर यायचा. "मला कशाला? झाडं काढ की," म्हणायचे. वर्षभरात मला त्यांचा एकही फोटो मिळाला नाही. वाढदिवसाच्या फोटोतही त्यांनी केक पुढे सरकवला आणि स्वतः बाजूला झाले.

माझ्या डोक्यात एकच किडा शिरला. या माणसाला त्याच वहीत लिहायला लावायचं, आणि त्याच हॉलमध्ये उभं करायचं. पण अण्णांच्या फोटोला नावं ठेवायची तर आधी नावं ठेवता यायला हवीत. मग ऑफिसच्या बसमध्ये येता-जाता मी शिकत बसले. उजेड कुठून येतो, नजर कुठे अडकते, फोकस कुठे सुटतो. लोकांना वाटलं हिला कलेची गोडी लागली. कसली गोडी, मला सूड घ्यायचा होता. बाकीच्यांच्या फोटोंवर मी मुद्दाम गोड बोलायचे, म्हणजे त्या दिवशी आकस दिसायला नको.

अखेर अण्णांनी देवनहळ्ळीचा एक फोटो आणला. किल्ल्याच्या दाराशी बसलेली म्हातारी फुलवाली. सगळे वा वा करत होते. मी हात वर केला.

"फुलांचे रंग छान आहेत," मी म्हटलं, "कारण ते नंतर वाढवलेत. फोकस गजऱ्यावर आहे, बाईचे डोळे धूसर आहेत. आकाश जळून पांढरं झालंय. तिच्या डोक्यातून विजेचा खांब वर आलाय. आणि ती तुमच्याकडे बघतेय ती कधी एकदा जाताय म्हणून. तुम्ही तिच्याशी एक शब्द तरी बोलला होतात का, अण्णा?"

अण्णांनी बोलायचं नव्हतं, नियम त्यांचाच. ते मान खाली घालून लिहीत राहिले. मध्ये फक्त खुणेने मला थांबवलं, जरा हळू सांग म्हणून. मी मोठ्या आनंदाने परत सगळं सांगितलं. मग ते उठले. वाचताना बाईच्या डोळ्यांपाशी आवाज अडकला, चष्मा काढून पुसला, शेवटचं वाक्य दोनदा सुरू करावं लागलं. वही मिटून म्हणाले, "सरी. बरोबर आहे." मला इतकं बरं वाटलं की घरापर्यंत बसमध्ये उभं राहावं लागलं तेही कळलं नाही.

दारातून आत येतायेताच मी बाबांना सगळं सांगितलं, अण्णा कसे अडखळले ते तर नक्कल करून. बाबांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"त्या बिचाऱ्याला कशाला छळलंस?" ते म्हणाले.

"तुम्हाला काय बोलला होता आठवतं ना?"

"तो परका माणूस. त्याला मी कोण? त्याचं मला काही वाटलं नव्हतं."

"मग वर्षभर फोटो का काढू दिला नाहीत?"

बाबांनी माझ्या खांद्यावरची कॅमेऱ्याची बॅग घेऊन खुर्चीवर ठेवली.

"तू वाचलंस ना," ते म्हणाले. "मी शेजारी बसलो होतो. तू कुठेच अडखळली नाहीस."

मी म्हटलं, तिथला तसा नियम आहे. बाबांनी मान हलवली आणि जेवायला वाढू का विचारलं.