‘मीच’ म्हटलं की आक्का दार उघडत नसत

महाळुंगे पडवळच्या आक्कांच्या दाराची कडी वाजवून “मीच आहे” म्हणणाऱ्याला दार उघडत नसे. आतून नुसता आवाज यायचा, “मी तर समदीच असत्यात. नाव सांग, गाव सांग, आन् तुला वळखतं कोन ते सांग.” जुन्नरहून दोन एसट्या बदलून मी पहिल्यांदा गेले, तेव्हा माझीही अशीच भर उन्हात झडती झाली. मी तशी तोंडाळ. नाव सांगितलं, गाव सांगितलं, तरी कडी निघेना. शेवटी त्यांची सून सुरेखा परसातून पळत आली. लग्नाआधी ती माझ्या कॉम्प्युटर क्लासला यायची. “आत्या, आमच्या क्लासच्या बाई हायेत,” असं तिनं सांगितलं, तेव्हा कुठे कडी निघाली आणि लगेच हातात ताकाचा पेला आला.

आक्का संशयी नव्हत्या हं. त्यांचं लहानपण मेंढरांमागं गावोगाव फिरण्यात गेलेलं. नव्या गावात कुणाच्या शेतात कळप बसवायचा, तर दोन्हीकडच्या ओळखीचं माणूस मध्ये लागायचं. ‘ही माणसं चांगली’ असं त्यानं म्हटलं की मुक्काम पडायचा. “आपली वळख आपुन द्यायची नसती, मास्तरीण,” त्या मला सांगायच्या. “ती दुसऱ्यानं द्यायची असती.”

त्या सूत कातायच्या आणि सुरेखा घरच्या मागावर घोंगड्या विणायची. हौसेनं तिनं त्यांची वेबसाइट केली, वर आक्कांचा फोटो आणि नाव टाकलं. पुण्यातल्या एका दुकानदाराला माल पसंतही पडला. मग त्याचा फोन आला. म्हणे, साइट उघडली की पत्त्याशेजारी ‘असुरक्षित’ असं येतं, गिऱ्हाइकं बिचकतात. सोमवारपर्यंत नीट करा, नाहीतर मी दुसरीकडून घेतो. ही ऑर्डर गेली की माग उचलून ठेवायचा आणि सुरेखानं टोमॅटो मार्केटला क्रेट भरायला जायचं, असं घरात ठरलेलंच होतं. आक्कांना लागलं ते वेगळंच. “माज्या फोटूच्या डोक्यावर असं लिवलंय?” एवढंच त्या बोलल्या, आणि त्या दुपारी जेवल्या नाहीत.

शनिवारी मी लॅपटॉप घेऊन ओसरीवर बसले. साइट होती शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे एकाच मशीनवर कितीतरी जणांच्या साइट्स. आपल्या हातात फक्त आपल्यापुरतं पॅनल. त्यात आपलं सर्टिफिकेट आपणच तयार करायचं एक बटण असतं. त्यानं काम भागत नाही हे मला माहीत होतं, पण घाई नडली आणि मी ते दाबलं. झालं! आधी नुसता एक शब्द होता, आता पानभर लाल इशारा आला. सुरेखा रडकुंडीला आली. काय झालं म्हणून आक्कांनी विचारलं, तेव्हा मी समजावलं की ही साइट खरंच आक्कांची आहे अशी खात्री सर्टिफिकेट देतं, पण हे आपलं आपणच लिहिलेलं, म्हणून ब्राउझर मानत नाही.

आक्कांनी कातणं थांबवलं. “म्हंजी तू दारात हुबी ऱ्हाऊन ‘मीच’ म्हनलीस.”

मी हसत सुटले. ब्राउझर थेट आक्कांच्या वळणावर गेला होता राव!

मग सरळ वाट धरली. फुकट सर्टिफिकेट देणारी संस्था असते. पण आधी ती बाहेरून येऊन बघते, की साइटचं पत्त्यातलं नाव खरंच याच साइटवर पोचतं का. आमचं दर वेळी पोचेना. शोधलं तर कळलं, सुरेखानं होस्टिंग बदललं होतं, पण नावाच्या दोन नोंदींतली एक अजून जुन्याच कंपनीच्या मशीनकडे बोट दाखवत होती. “पावनं जुन्या घरी जाऊन माघारी गेलं म्हना की,” आक्का म्हणाल्या. ती नोंद बदलली. तो बदल सगळीकडे पोचायला वेळ लागतो, आणि मला तर दम म्हणून नाही. मी सारखी बटण दाबत बसले. “किती कडी वाजवशील? येत्याल की,” म्हणत त्यांनी लॅपटॉप मिटायला लावला, बाजरीची भाकरी वाढली आणि मला मुक्कामाला ठेवून घेतलं.

रविवारी सकाळी सर्टिफिकेट मिळालं. ‘असुरक्षित’ नाहीसं झालं. आक्का कितीतरी वेळ फोनमध्ये स्वतःचा फोटो बघत होत्या.

“साक्ष कुनी दिली?”

“आहे एक संस्था. लांबची. ती आपल्याला ओळखत नाही, पण पडताळून बघते.”

“मंग चांगली मानसं हायेत,” आक्का म्हणाल्या आणि पोटभर जेवल्या. दुकानदाराची ऑर्डर आली. माग जागचा हलला नाही.

ते सर्टिफिकेट काही महिन्यांचंच असतं, पुन्हा पुन्हा नवं घ्यावं लागतं. आता ते आपोआप होतं. आक्कांना ते फार पटलं होतं. वळख ताजी ठेवावी लागती, म्हणायच्या. मागल्या वर्षी आक्का गेल्या. मला त्यांची आठवण येते, फार येते. साइटवर फोटो अजून त्यांचाच आहे.

परवा महाळुंग्याला गेले. दार आतून लावलेलं, आत मागाचा आवाज चाललेला. मी कडी वाजवली आणि सवयीनं बोलून गेले, “मीच गं.”

माग थांबला. आतून सुरेखाचा आवाज आला, “मी तर समदीच असत्यात. नाव सांगा, गाव सांगा.”

मी नाव सांगितलं, जुन्नर सांगितलं.

“आन् वळखतं कोन तुमाला?”

“आक्का,” मी म्हटलं.

कडी निघाली.