शून्यातून न जाणारी रेघ

आमच्या ज्युनियर कॉलेजच्या फिजिक्स लॅबच्या कपाटात जेवढ्या स्प्रिंगा नाहीत, तेवढे किस्से माझ्याकडे साठलेत. खाऱ्या हवेनं स्प्रिंगा गंजतात, सारख्या नव्या मागवाव्या लागतात. किस्से मात्र पोरं फुकटात पुरवतात! स्टाफरूममध्ये चहा आला की कुणीतरी म्हणतंच, "मॅडम, तो पडद्याचा सांगा ना." मग एकातून दुसरा निघतो.

माझा नियम एकच. रीडिंग खरं हवं. उत्तर चुकलं तरी चालेल, पण बनवलेलं रीडिंग मी तिथल्या तिथे फाडते. पोरं मागून मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. म्हणू देत!

* * *

रोहन हर्णेचा, शिकायला रत्नागिरीत मामाकडे राहिलेला. स्प्रिंगला वजन लावायचं, थोडं खाली ओढून सोडायचं आणि वीस झोक्यांना किती वेळ लागतो ते बघायचं, एवढाच प्रयोग. हा वजन सोडता सोडताच "एक" म्हणायचा! म्हणजे झोके भरायचे एकोणीसच.

"अरे, सोडताना शून्य म्हण. परत खाली आलं की एक."

"मॅडम, शून्यापासून कोण मोजतं? मासळीच्या लिलावात पहिल्या टोपलीला मी शून्य म्हटलं, तर बाबा मलाच टोपलीत घालतील!"

सुट्टी होईपर्यंत त्याच्याकडून घोकून घेतलं.

* * *

वाऱ्याचा त्रास वेगळाच. समुद्रावरचा वारा आत आला की वजनं डुलतात, म्हणून प्रॅक्टिकलला मी खिडक्या आणि पंखे दोन्ही बंद ठेवते. एकदा घामाघूम पोरांची दया येऊन आमचे लॅब असिस्टंट सुधाकरभाऊ यांनी गुपचूप पंखा लावला. झालं! अन्वयचं वजन खाली-वर जाता जाता आडवंही झुलायला लागलं. मी कमरेवर हात ठेवून समोर उभी.

अन्वय शांतपणे म्हणाला, "मॅडम, पेंड्युलमचा प्रयोग पण ह्यातच धरा ना."

* * *

आता तो पडद्याचा. "किती ताणते बघूया" म्हणून रोहननं एका स्प्रिंगला कपाटातली सगळी वजनं लटकावली. स्प्रिंग जी लांब झाली, ती वजनं काढल्यावर परत आखडलीच नाही. मी जाम भडकले. "मारलीस ना माझी स्प्रिंग!"

दुसऱ्या दिवशी बघते तर डार्करूमच्या दाराला नवा पडदा, आणि तो ओवलेला त्याच स्प्रिंगवर. सुधाकरभाऊ स्टुलावरून उतरत म्हणाले, "मेली नाय मॅडम, बदली झालीय तिची!"

* * *

अन्वयनं एकदा सगळी रीडिंग आणून दाखवली. उत्तर पुस्तकातल्यासारखं! मी त्याच्या स्टँडकडे बघितलं. स्प्रिंगला वजनच नव्हतं.

"प्रयोग केलास कधी?"

"मॅडम, उत्तर माहीत होतं. वजनाला कशाला त्रास?"

ते पान मी फाडलं, आणि त्याला दोन वेळा सगळा प्रयोग करायला लावला.

* * *

मृण्मयी भाट्याची. वडील बोटीवर, घरी आई आणि आजी. घरात ठरलं होतं की फिजिक्सला चांगले मार्क पडले तरच पुढे मुंबईला बीएस्सी, नाहीतर गणपतीपुळ्याला आत्याच्या लॉजवर काउंटर सांभाळायचा. आत्या तर एप्रिलपासूनच ये म्हणत होती.

ह्या प्रयोगात शेवटी ग्राफ काढतात. आडव्या अक्षावर वजन, उभ्या अक्षावर एका झोक्याच्या वेळेचा वर्ग. बिंदूंमधून सरळ रेघ ओढायची. वजन शून्य तर वेळही शून्य, असं धरून सगळी पोरं ती रेघ शून्यातून नेतात. मृण्मयीची रेघ शून्याच्या जराशी वरून जायची. तिनं डबा न खाता पुन्हा सगळी रीडिंग घेतली, तरी तेच.

मैत्रीण म्हणाली, "खाली ओढ ना गो जराशी. मार्क जातील उगाच."

"ती जाते तिथेच जाऊ दे. मी नाय ओढणार."

ऐकून मला अभिमान वाटला, आणि तिची काळजीही वाटली.

बोर्डाच्या प्रॅक्टिकलला नेमका हाच प्रयोग तिच्या वाट्याला आला. एक्स्टर्नल सर घाटावरचे, करड्या आवाजाचे. तिच्याआधीची पोरं ग्राफ देऊन व्हरांड्यात बसली होती. सरांनी तिचा कागद धरला. "सगळ्यांची रेघ शून्यातून गेली, तुझीच का नाही? वजन शून्य तर वेळ किती? शून्य! नीट काढ, पूर्ण मार्क देतो."

मी कपाटापाशी उभी. मधे बोलायची सोय नव्हती. मनात म्हटलं, आता ओढतेय ही.

"नाही सर," मृण्मयी म्हणाली आणि स्टँडकडे गेली. एकेक करून सगळी वजनं काढली. मग ती अडकवायचा हँगरही काढला. राहिली नुसती स्प्रिंग. तिनं स्प्रिंगचं टोक चिमटीत धरून खाली ओढलं आणि सोडलं.

स्प्रिंग आपली एकटीच खाली-वर, खाली-वर!

"सर, वजन शून्य आहे. वेळ मोजा."

सर चष्मा पुसून जवळ गेले. स्प्रिंग थांबेपर्यंत बघत राहिले. मग तिला ती पुन्हा एकदा ओढायला लावली.

शेवटी ते माझ्याकडे वळले. "मॅडम, व्हरांड्यातल्या सगळ्यांना आत बोलवा. आणि आधी खोडरबर वाटा!"