गोव्याच्या हॉटेलात बाबांनी वाढलं

आमच्या गावात देवास गेट भागात, बसस्टँडसमोर बाबांची खानावळ होती. बाबा गल्ल्यावर फारसे बसत नसत. वरणाची बादली घेऊन पंगतीतून फिरत. मी कॉलेजात असताना एका मसाला कंपनीनं जुन्या गिऱ्हाइकांना गोव्याची सहल बक्षीस दिली. अशा स्कीमा तेव्हा नव्यानंच निघाल्या होत्या. समुद्रकाठची दोन हॉटेलं, खाणंपिणं सगळं त्यातच. आई, बाबा आणि मी निघालो.

पहिल्या हॉटेलात जेवणाची भांडी लांब टेबलावर मांडलेली होती, ज्यानं त्यानं घ्यायचं. बाबांनी एकेक झाकण उचलून वास घेतला. "पनीर बढिया आहे," ते आईला म्हणाले. "दाल मात्र सकाळची. वरून तडका मारलाय." मी इंदूरच्या एका व्यापाऱ्याच्या मुलीबरोबर वेगळी बसले होते. सहलीतच आमची मैत्री झाली होती.

थोड्या वेळानं पाहिलं तर बाबा टेबलाच्या पलीकडे, वाढप्यांच्या जागी उभे. एका म्हाताऱ्या बाईंना झाकण उचलेना, म्हणून ते मदतीला गेले आणि तिथंच रमले. "और लीजिए माताजी, इतने में क्या होगा?" असा आग्रह चालला होता. पांढरा बुशशर्ट, काळी पँट. वाढप्यांचाही तोच वेष. रांगेतला एक माणूस त्यांच्याकडे न बघताच म्हणाला, "भैया, दो साफ प्लेट लाना." बाबा गेले, प्लेटा घेऊन आले, फडक्यानं पुसून त्याच्या हातात दिल्या.

"तुम्हारे पापा का यहाँ भी होटल है क्या?" मैत्रिणीनं विचारलं. तिच्या मनात खवचटपणा नव्हता. त्यामुळे मला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी उठून बाबांचा कोपर धरला.

"बाबा, चला ना."

त्यांना वाटलं, मला काहीतरी हवंय. "काय वाढू तुला? पुऱ्या आत्ता आल्यात, गरम आहेत."

तेवढ्यात मॅनेजर आला. आवाज हळू, अगदी अदबीचा. "सर, आप हमारे गेस्ट हैं. प्लीज, इस तरफ आ जाइए."

बाबांनी हातातल्या पळीकडे पाहिलं, मग रांगेकडे, मग माझ्याकडे. माझा चेहरा त्यांना काय सांगून गेला कोण जाणे. "सॉरी," ते म्हणाले. "आदत है." पळी भांड्याच्या कडेला नीट ठेवली. तो प्लेटावाला माणूस घाईघाईनं दुसरीकडे बघू लागला. आमच्या टेबलावर आई ताटात मान घालून बसली होती.

दुसऱ्या हॉटेलात जेवण खरोखर छान होतं. भाज्या ताज्या, फुलके डोळ्यांसमोर भाजलेले. पण बाबा कोपऱ्यातल्या खुर्चीवरून उठेनात. मीच ताट भरून आणायची आणि ते खाली बघून संपवायचे.

"भाजी कशी आहे, बाबा?"

"ठीक आहे."

झाकणं उघडणं नाही, आईला काही सांगणं नाही. फुलकेवाला टेबलाशी आला तेव्हा बाबा चटकन अर्धवट उभे राहिले, "नहीं नहीं, आप रहने दीजिए," म्हणाले आणि मग आपण का उठलो ते न कळून पुन्हा बसले. आधी मला त्यांची लाज वाटली होती. आता माझी स्वतःची वाटत होती आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती.

परतल्यावर गावातल्याच माधव नगरात राहणारे काका भेटायला आले. "मग, कुठलं हॉटेल भारी? खाण्यात कोण जिंकलं?"

असल्या प्रश्नावर बाबा एरवी तासभर बोलले असते. ते म्हणाले, "हिला विचार."

"दोन्ही सारखीच होती," मी म्हणाले.

"मग एवढ्या लांब गेलात कशाला?" म्हणून काका मोठ्यानं हसले. जरा उशिरानं बाबाही हसले.